साडूंची पटाशी

आमच्या साडूंच्या पटाशीला जी धार आहे, तशी धार महाडपासून महाबळेश्वरपर्यंत दुसऱ्या कुठल्याही हत्याराला नसेल. आणि त्या पटाशीने आजतागायत लाकडाचा एक कपचाही काढलेला नाही. ही दोन्ही विधानं मी जबाबदारीने करतो. पहिल्याला पुरावा म्हणून माझा डावा हात दाखवता येईल, मनगटापासून कोपरापर्यंत त्यावर अजून धड केस उगवलेले नाहीत. दुसऱ्याला पुरावा लागत नाही, कारण त्यात माझा स्वतःचा हात आहे. मी फार बोलणारा माणूस नाही. घरी मला 'घुमा' म्हणतात. पण काही गोष्टी पोटात ठेवल्या की त्यांना गंज चढतो, आणि साडूंच्या सहवासात राहून मला गंजाची धास्ती बसली आहे. म्हणून एकदा सगळं सांगून टाकतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे यजमान. मी त्यांना भाऊ म्हणतो, ते मला साडूभाऊ म्हणतात. उभी नोकरी त्यांनी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. म्हणजे स्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून, कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे आणि कुठून कुठे जाणार आहे, हे कर्ण्यातून सांगणारा जो आवाज असतो, तो आवाज म्हणजे आमचे साडू. निवृत्त झाल्यावर खोली गेली, कर्णा गेला, आवाज मात्र घरी आला. पोलादपूरला आंबेनळीच्या रस्त्याला लागून त्यांचं घर आहे. तिथे जेवायची वेळ झाली की ताई ताटं घेतात आणि साडू आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणतात, "भात-आमटी फलाटावर लागलेली आहे. प्रवाशांनी हात धुऊन घ्यावेत." लाखो लोकांना त्यांनी आयुष्यभर एका दमात सांगितलं, की तुमची गाडी ती, तिच्यात बसा. चुकूनही कुणाला कशेडीकडची सांगून महाबळेश्वरला पाठवलं नाही. त्या माणसाला स्वतःसाठी धार लावायचा एक दगड निवडता येऊ नये, याचं कोडं मला अजून उलगडलेलं नाही.

सुरुवात एका फणसाने झाली. साडूंचं मूळ गाव वर डोंगरात, तिथल्या घरामागे त्यांच्या आईने लावलेला फणस होता. त्यांच्या मुलीचा, वैशालीचा, झोपाळा लहानपणी त्याच फणसाला बांधलेला असे. एका पावसाळ्यात दरड सरकली आणि झाड मुळासकट आडवं झालं. साडूंनी ते गिरणीत कापून फळ्या केल्या, टेंपोत घालून खाली आणल्या आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये विटांवर रचून ठेवल्या. पिवळ्याधमक फळ्या; हात फिरवला की साडूंचा चेहरा बदलायचा. वैशालीला दिवस राहिल्याचं कळलं त्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "पाळणा मी स्वतः करणार. याच फणसाचा." आयुष्यात त्यांनी कर्ण्याच्या बटणापेक्षा जड हत्यार हातात धरलेलं नव्हतं, पण कुणी हसलं नाही. बापाने लेकीच्या बाळाला पाळणा द्यावा यात हसण्यासारखं काय आहे.

बाजारातून त्यांनी एक करवत, एक हातोडी आणि एक पटाशी आणली. पहिल्या फळीवर रेघ मारली, पटाशी टेकवली, वर हातोडी मारली, आणि लाकूड कापलं जाण्याऐवजी वीतभर ढलपी उचकटून आली. पिवळ्या फळीला पांढरा ओरखडा पडला. ताई सांगतात की ते त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला फोन आला. "साडूभाऊ, धार नव्हती. नुसती धार नव्हती म्हणून झालं. झाड काय परत उभं राहणार नाही. आता धार लागल्याशिवाय मी लाकडाला हात लावणार नाही." त्या पटाशीला त्यांनी सजा फर्मावली: शेडच्या खिडकीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून फटीत खुपसून ठेवली. करवत शेजारच्या काकूंना जळणाची फाटी तोडायला दिली. आणि नव्या पटाशा, नवी करवत आणि धार लावायचं सामान निवडायला सुरुवात झाली.

आता वाचकांना वाटेल, दगड तो दगड, त्यात निवडायचं काय. मलाही तसंच वाटलं होतं. महाडच्या हार्डवेअरच्या दुकानातून मीच एक दगड नेला, एका अंगाला खरखरीत, दुसऱ्या अंगाला मऊ. साडूंनी विचारलं, "यावर तेल घालायचं की पाणी?" दुकानदाराने सांगितलं नव्हतं. आम्ही खोबरेल घातलं. चार दिवसांनी दगडावर मुंग्यांची रांग लागली. मग मोबाइलवर व्हिडिओ पाहायला सुरुवात केली, आणि तिथेच आमचा घात झाला. परदेशातले एक दाढीवाले सुतार छातीवर हात ठेवून सांगत होते की दोन दगड पुष्कळ झाले. लगेच खाली एक जपानी आजोबा निघाले, त्यांच्या मागे दगडांचं कपाट होतं. दाढीवाले म्हणायचे पंचवीस अंशांचा कोन, आजोबा बोटांनी तीस दाखवायचे, आणि तिसरा एक पोरगेला माणूस म्हणायचा की पंचवीसचा करा आणि टोकाशी तीसचा करा. साडूंनी कंपासपेटी विकत आणली. पुढचे कित्येक दिवस ते कोनमापक खिशात घेऊन हिंडत होते. पोळीची घडी, पत्र्याचा उतार, देवळाच्या पायऱ्यांचा कठडा, जे दिसेल त्याचा कोन काढत. ताई म्हणाल्या, "आमच्या माणसाला निवृत्तीनंतर दहावीचा अभ्यास लागलाय."

मग नंबर. दगडाला नंबर असतो. नंबर जितका मोठा तितका दगड मऊ. दोनशेवीस, हजार, तीन हजार, आठ हजार. हे एकवेळ ठीक. पण एका देशाचे चारशे म्हणजे दुसऱ्या देशाचे हजार, हे कळलं तेव्हा साडू पायरीवर बसले. "म्हणजे ह्यांचा फलाट एक, तो त्यांचा फलाट तीन?" त्यांनी विचारलं. "मग माणसाने उभं कुठे राहायचं?" मला माहीत नव्हतं. पण मी म्हणालो, "बघून सांगतो."

इथे मला माझ्याबद्दल दोन वाक्यं लिहिली पाहिजेत. मी महाडला एका शाळेत कारकून आहे. दिवसभरात मला 'सही कुठे करायची' याखेरीज कुणी काही विचारत नाही. मुलगा पुण्याला असतो, त्याचे फोन आईला येतात. बायकोचे बचत गट आणि भिशी असं स्वतःचं मोठं जग आहे. अशा माणसाकडे कुणीतरी वळून, डोळ्यांत डोळे घालून, "साडूभाऊ, तुम्हाला काय वाटतं?" असं विचारतो, तेव्हा काय होतं ते ज्याला कधी कुणी विचारलेलं नाही त्यालाच कळेल. मी दर रविवारी मोटारसायकल काढून पोलादपूरला जाऊ लागलो. दाढीवाल्यांचं इंग्रजी मला निम्मं समजायचं, उरलेलं निम्मं मी स्वतःच्या मनाने सांगायचो. जपानी आजोबांचं तर मी हातवाऱ्यांवरून भाषांतर करत असे, आणि साडू मान डोलावत ऐकत असत.

दगड येत गेले. पाण्यात भिजवायचे आले, न भिजवायचे आले. पोलादी पट्टीवर हिऱ्याची पूड बसवलेली एक आली. ताईंना 'हिरा' एवढंच कळलं आणि त्यांनी ती बघायला शेजारच्या काकूंना बोलावलं. पटाशी ठरलेल्या कोनात धरून दगडावर पुढेमागे ढकलायची एक छोटी चाकाची गाडी मिळते, ती आली. साडूंचा जीव तिच्यावर बसला, कारण शेवटी ती गाडी होती. ती ते वेळेवर सोडत. मोटरवर फिरणारं चाक आणलं, त्यावर पहिलीच पटाशी जळून निळी पडली, तेव्हा त्याला गोणपाट गुंडाळून ठेवलं. सगळ्यात शेवटी चामड्यावर धार फिरवायची असते म्हणून त्यांनी जुन्या ओळखीच्या कंडक्टरकडून त्याच्या तिकिटाच्या बॅगेचा पट्टा मागून आणला. तो फळीवर चिकटवला, आणि खरोखर त्या पट्ट्याने कमाल केली. "आयुष्यभर प्रवाशांचे खांदे घासून मऊ झालाय," साडू म्हणाले.

धार लागली की नाही हे हातावरचे केस काढून बघतात. साडूंचा डावा हात प्रथम उघडा पडला, मग उजवा, मग माझा. पोस्टमन आला की ते आधी त्याचा हात हातात घेत आणि मग टपाल घेत. कुणाच्या तरी लग्नात त्यांच्या हाताकडे बघून एका बाईंनी ताईंना हळूच चांगल्या त्वचेच्या डॉक्टरचं नाव सुचवलं. दुसरी परीक्षा कागदाची. सकाळचं वर्तमानपत्र ताईंच्या हातात पडेपर्यंत त्याच्या झिरमिळ्या झालेल्या असत. घरातली विळी, सुऱ्या, खोबऱ्याची खवणी, सगळ्यांना धार लागली. ताईंची बोटं कापली जाऊ लागली. हळदीच्या डब्याला झाकण लावणं त्यांनी सोडून दिलं. शेजारच्या काकूंनी विश्वासाने भातकापणीचा विळा आणून दिला. साडूंनी तो आठ हजार नंबरच्या दगडावर आरशासारखा केला. दुसऱ्या दिवशी काकू शेतातून तशाच परत आल्या. "भाऊ, माझा इळा काय केलात? नुसता सरकतोय. भाताला पकडच नाय. मी कापतेय का भाताला गोंजारतेय, काय कळत नाय." साडू तीन रविवार या प्रश्नात बुडून गेले, की फार धार म्हणजे धार का नव्हे. मीही बुडालो. दोघांनाही वर यायची घाई नव्हती.

बाजारात एक सुतार होता, त्याला विचारून बघावं म्हणून गेलो. त्याच्या हातात विजेचा रंधा घरघरत होता. रंधा बंद न करताच तो म्हणाला, "भाऊ, आता कोण धार लावतंय? पातं गेलं की फेकायचं, दुसरं टाकायचं." घरी आल्यावर साडू ताईंना एवढंच म्हणाले, "जग बिघडलंय."

आठ हजार नंबरच्या दगडाची कथा वेगळीच आहे. तो दगड पिवळसर, साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत, आणि पाण्याच्या टबात बुडवून ठेवलेला असे. ताईंची सहाण, म्हणजे देवासाठी चंदन उगाळायचा दगड, नेमकी त्याच सुमारास फुटली. त्या मागच्या दारी आल्या, टबात हा दिसला, आणि त्यांना वाटलं की इतक्या दगडांच्या खरेदीत माणसाने निदान एक तरी घराच्या उपयोगाचा आणला. रोज पहाटे त्या त्याच्यावर चंदन उगाळत, धुऊन परत टबात ठेवत. साडूंना पत्ता नाही. एका रविवारी पटाशी नाकाशी नेऊन ते म्हणाले, "साडूभाऊ, पोलादाला वास येतो का हो?" मी हुंगलं. पटाशीला देवघराचा वास येत होता. आम्ही पोलाद, पाणी, चामडं यांवर बरीच चर्चा केली. मी तर पुढच्या आठवड्यात आजोबांच्या व्हिडिओत याचं कारणही शोधून आणलं. मग एका पहाटे साडूंनी प्रत्यक्ष पाहिलं. ते ओरडले नाहीत. ताईंनी त्यांच्या कपाळाला गंधाचं बोट लावलं, तेव्हा ते थोडा वेळ डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "काय मऊ उगाळलं गेलंय गो." तेव्हापासून वेळापत्रक ठरलं. पहाटे दगड देवाचा, नंतर पटाशीचा.

या सगळ्यात पाळणा कुठे होता, असं तुम्ही विचाराल. पाळणा फळ्यांत होता. वैशाली बाळंतपणाला माहेरी आली, शेडमध्ये येऊन स्टुलावर बसे आणि म्हणे, "बाबा, बाळ येईल हां आधी." साडू म्हणत, "गाडी डेपोतून निघालेली आहे." आणि खरं तर निघाली होती. दिवस अगदी भरत आले असताना एका रविवारी मी गेलो, तर साडूंनी चांगली फळी बाकावर घेतलेली होती. पेन्सिलीच्या रेघा मारलेल्या होत्या. नवी पटाशी रेघेवर टेकलेली, हातोडी वर उचललेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "साडूभाऊ, काय वाटतं तुम्हाला? मारू?"

मारा, एवढं म्हणायचं होतं. दोन अक्षरं. ती माझ्या जिभेवर होती. पण माझ्या खिशात मोबाइल होता आणि त्यात आठवडाभर जपून आणलेला नवा व्हिडिओ होता. पाळणा झाला की रविवार संपणार, हे मला त्या क्षणी इतकं स्वच्छ दिसलं की आजही आठवलं तरी मान खाली जाते. मी म्हणालो, "मारा, पण भाऊ, पटाशीची पाठ सपाट केलीत का? पाठ सपाट नसेल तर पुढची धार फसवी असते म्हणतात."

हातोडी खाली आली, बाकावर ठेवली गेली. पाठ सपाट करायचं काम सुरू झालं. ते चालू असतानाच ओवी जन्माला आली.

बारशाला पाळणा दुकानातून आला, लोखंडी, निळ्या रंगाचा. बायकांनी गाणी म्हटली, घुगऱ्या वाटल्या. साडू सगळ्यांना हसून सांगत होते, "तांत्रिक कारणामुळे आमची गाडी उशिरा धावत आहे." लोक हसले. वैशालीही हसली, पण पाळण्याची दोरी हातात धरलेली असताना तिची नजर एकदा मागच्या दाराकडे, शेडकडे गेली. मी ते पाहिलं आणि ताटातली जिलबी मोडत बसलो.

मग ठरलं की पांगुळगाडा करायचा. चालायला शिकण्याआधी झाला की झालं. पांगुळगाड्याच्या चाकांना गोलाई हवी, गोलाईला वेगळी पटाशी, वेगळ्या पटाशीला वेगळा दगड. ओवी आमची वाट न बघता, भिंतीला धरून चालायला लागली. मग ठरलं, पाट करायचा. पाट म्हणजे काय, एक फळी आणि खाली दोन पट्ट्या. जेवायला बसेल त्यावर. त्याचेही तीन नमुने कागदावर झाले, आणि मी प्रत्येक नमुन्यात एकेक शंका काढली. वाईट हे की मी मुद्दाम करत होतो असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. निम्म्या शंका मला खरोखर पडत. मुद्दामची कुठली आणि खरी कुठली, हे मला तेव्हा कळत नव्हतं आणि आताही नीट कळत नाही.

गेल्या वर्षी जावयाची बदली बंगळूरला झाली. दसऱ्याचा मुहूर्त धरून, सकाळी पोलादपूरहूनच गाडीने निघायचं ठरलं. आदल्या दिवशी खंडेनवमी. आम्हीही गेलो होतो. हत्यारांची पूजा त्या दिवशी असते आणि एकदा पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्याची पूजा होईपर्यंत उचलत नाहीत, हे आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत असतं. साडूंनी सकाळीच शेड झाडून, रांगोळी काढून एका फणसाच्या फळीवर सगळा सरंजाम मांडला होता. आठ पटाशा, रंधा, करवत, हातोडी, सगळे दगड नंबरवार, चाकाची गाडी, कंडक्टरचा पट्टा, अगदी कोनमापकसुद्धा. सगळ्यांना झेंडू, हळदकुंकू. एवढं देखणं ते दृश्य होतं की शेजारच्या काकूंनी हात जोडले.

दुपारी जेवणाच्या आधी ओवी शेडमध्ये शिरली. मांडलेल्या फळीचा एक टोकाचा भाग मोकळा होता, त्यावर ती जाऊन मांडी घालून बसली आणि म्हणाली, "माजा." कुणी उठवायला गेलं तर रडू लागली. वैशाली दारात उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "बसू दे तिला, बाबा. उद्यापासून नाहीच बसायची." टोमणा नव्हता तो. म्हणूनच लागला असावा. साडू उठले आणि भिंतीशी रचलेल्या फळ्यांतली एक ओढून बाकावर घेतली. ती नेमकी पांढऱ्या ओरखड्याची निघाली.

"अहो, हत्यारं?" ताई म्हणाल्या. "पूजेला बसलीत ती. आज हात लावायचा नाय."

साडूंनी पूजेकडे पाहिलं, ओवीकडे पाहिलं. मग खिडकीशी गेले आणि फटीत खुपसलेली ती पहिली पटाशी ओढून काढली. गंजलेली, टोकाला दाते पडलेली. मधल्या काळात तिने रंगाचे डबे उघडले होते. पूजेच्या लायकीची नाही म्हणून ती खिडकीतच राहिली होती. करवतीसाठी काकूंकडे माणूस पाठवला. काकू स्वतःच घेऊन आल्या. "ही मी नाय मांडली पूजेत. लोकांच्या वस्तूची पूजा आपण कशी करायची?" हातोडीचं काय? वरवंट्याला अजून चटणी वाटायची होती म्हणून तो पूजेला बसला नव्हता. ताईंनी तो धुऊन आणून दिला. शेवटी काचपेपरवर अडलं, की ते हत्यार धरायचं की नाही. ताईंनी निकाल दिला, "कागद तो. कागदाची पूजा सरस्वतीला, उद्या. आज वापरा."

सगळं जमलं आणि साडूंनी बोथट पटाशी रेघेवर टेकवली. वरवंटा उचलला, आणि सवयीने माझ्याकडे पाहिलं. "साडूभाऊ, काय वाटतं?"

खिशात मोबाइल होता. व्हिडिओही होता. मी म्हणालो, "मारा, भाऊ."

मी आयुष्यात इतकं कमी आणि इतकं उशिरा बोललेलो नाही.

ढलप्या उचकटल्या. कडा वेड्यावाकड्या झाल्या. करवत मध्येच अडकायची, मग मी फळी धरायचो, जावई ओढायचा. साडूंचा शर्ट घामाने अंगाला चिकटला. नंबर, अंश, तेल, पाणी, कुणी काही बोललं नाही. उन्हं उतरता उतरता एक पाट तयार झाला. एक पट्टी दुसरीपेक्षा जरा बुटकी होती, वरचा पांढरा ओरखडा काचपेपरने गेला नाही. ओवीने पूजेतला एक झेंडू आणून त्यावर ठेवला आणि स्वतः वर बसली. जेवली त्यावरच.

सकाळी गाडी निघाली तेव्हा पाट मागच्या सीटवर, बॅगांच्या वर बांधला होता. आम्ही रस्त्यावर उभे राहिलो. गाडी आंबेनळीच्या वळणाकडे लागली आणि साडूंच्या तोंडून, कर्ण्यातला तो जुना आवाज अगदी हळू आला, "पोलादपूर, मार्गे महाबळेश्वर, सातारा, कोल्हापूर..." पुढची गावं त्यांना ठाऊक होती. ती त्यांनी म्हटली नाहीत.

त्याच दिवशी, शेडमध्ये दोघेच असताना, मी त्यांना सगळं सांगितलं. बाकावरचा तो रविवार, पाठ सपाट करायची गोष्ट, माझे राखून ठेवलेले प्रश्न. सांगताना मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पूजेतल्या झेंडूंकडे पाहत राहिलो. साडूंनी एक घरंगळलेला झेंडू उचलून दगडावर परत ठेवला. मग म्हणाले, "ते मला काय कळत नव्हतं होय, साडूभाऊ? पण तुम्ही प्रश्न आणायचात म्हणून मला बरं वाटायचं. नाहीतर मला फळी कापावी लागली असती." ही क्षमा होती, की तेही माझ्याइतकेच दोषी असल्याची कबुली, की नुसता थकलेल्या माणसाचा चांगुलपणा, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. कदाचित यालाही कुठेतरी नंबर असेल.

आठ हजारचा दगड आता कायमचा देवघरात गेला आहे. बाकीचे कोरडे पडले आहेत, पण फळ्या अजून बऱ्याच उरल्या आहेत, आणि मी अजूनही रविवारी जातो. मी पोचलो की ताई आधी माझ्या कपाळाला गंध लावतात. संध्याकाळी बंगळूरहून व्हिडिओ कॉल येतो. ओवी पाटावर जेवायला बसत नाही आता, त्यांच्याकडे टेबल आहे. पण बेसिनपर्यंत हात पोचावा म्हणून ती पाटावर उभी राहते. फोनमधून चेहरा दिसायच्या आधी टक्-टक् असा आवाज येतो. बुटक्या पट्टीमुळे पाट डुगडुगतो, त्याचा तो आवाज.

परवा मला राहवलं नाही. "भाऊ, डावीकडच्या पट्टीखाली जरा पातळ चकती बसवली तर..." एवढं बोलून मी थांबलो.

साडूंनी फोन कानाशी आणखी जवळ नेला. "डुगडुगू दे," ते म्हणाले. "उभी राहिली की कळतं तरी इथे."